धाव कोणाच्या नावावर?

क्रिकेटवर पोसलेल्या माझ्यासारख्या माणसाला धाव म्हणजे फलंदाजाची मिळकत वाटते. चेंडू ज्याने टोलवला, धाव त्याची. पलीकडच्या टोकाकडून धापा टाकत धावणाऱ्याचे नाव धावफलकावर कोणी शोधत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात मुलीकडे न्यू जर्सीला राहिलो असताना नातवाने माझा हा हिशेब उलटा केला. बेसबॉलमध्ये धाव त्याची, जो तीन तळांना फेरी घालून ‘होम’ला, म्हणजे निघाला त्याच जागी, परत पोहोचतो. टोलवणाऱ्यासाठी निराळा रकाना असतो : आपल्या फटक्यावर त्याने किती जणांना घरी आणले, याचा.

नातवाजवळच्या आकडेवारीच्या जाड पुस्तकात मग मी रमलो. १९८५ च्या हंगामात न्यूयॉर्क यँकीजच्या रिकी हेंडरसनने १४३ सामन्यांत १४६ धावा केल्या. त्या वर्षी इतक्या कोणालाच जमल्या नाहीत. पैकी स्वतःचे होमरन अवघे २४. उरलेल्या १२२ वेळा तो कधी चार चुकीच्या चेंडूंवर फुकट तळ मिळवून, कधी तळ चोरून पुढे सरकला, आणि घरी आला तो बहुधा दुसऱ्याच्या फटक्यावर. हा दुसरा पुष्कळदा डॉन मॅटिंग्ली असे. स्वतःचे होमरन धरून त्याने १४५ धावा घरी आणल्या आणि त्या रकान्यात तोही पहिला. सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान त्या वर्षी मॅटिंग्लीला मिळाला. हेंडरसन तिसरा.

एका हंगामातला धावांचा विक्रम मात्र बिली हॅमिल्टनचा : १८९४ मध्ये १९८. सामने जेमतेम एकशेतीस; पण आदल्याच वर्षी चेंडूफेकीचे अंतर वाढवले गेले होते आणि फलंदाजांचे फावले होते. विसाव्या शतकात बेब रूथ १९२१ साली १७७ पर्यंत गेला. त्याने ५९ होमरन मारले होते, म्हणजे तेवढ्या वेळा त्याला कोणाची वाट पाहावी लागली नाही. असा भाग्यवान विरळा.

पुस्तक मिटले, तरी ते दोन रकाने डोळ्यांपुढून हलेनात. माझी थोरली बहीण चौथीतून शाळा सोडून पहाटेच्या गाडीने वसईहून दादरच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन जाऊ लागली, तेव्हा मी बिगरीत होतो. मॅट्रिक, पदवी, बँकेतली नोकरी, सगळे माझ्या नावावर जमा झाले. सेवानिवृत्तीच्या समारंभात वक्त्यांनी माझ्या ‘स्वकष्टा’ची वाखाणणी केली. बहीण मागच्या रांगेत बसली होती. माझ्या हाती ध्वनिक्षेपक आला, तेव्हा मी साहेबांचे, सहकाऱ्यांचे, शिपायाचेही आभार मानले. तिचे राहिले. ते विसरलो होतो असे म्हणायला मन धजत नाही. भाजीच्या पाटीचा उल्लेख त्या सभागृहात मला अडचणीचा वाटला होता.

त्या रात्री तिला दूरध्वनी केला. बेसबॉलपासूनच सुरुवात केली. तिने थोडे ऐकून घेतले आणि मध्येच विचारले, “तिकडे थंडी फार आहे का रे?”

उन्हाळा आहे, मी म्हणालो.

“मग बरं,” ती म्हणाली, आणि अंगणातल्या केळीला आलेल्या घडाविषयी सांगू लागली.