जर्मनचें भांडें

महाराष्ट्रांतील जुन्या बायका ॲल्युमिनिअमला ‘जर्मन’ म्हणत, आणि त्याच्या भांड्याविषयीं त्यांचा एक कडक नियम असे: त्यांत आंबट ठेवूं नये. जर्मनच्या पातेल्यांत भात शिजे, दूध तापे. परंतु चिंचेचा कोळ किंवा आमसुलाचें सार त्यांत कधींही जात नसे. आमच्या आत्याबाईंच्या स्वयंपाकघरांत हा नियम मोडण्याची छाती कोणास झाली नाहीं. आम्ही महाविद्यालयांतून रसायनशास्त्र शिकून आलों, तेव्हां ‘याला शास्त्रीय आधार आहे बरें’ असें प्रशस्तिपत्रही आम्हीं त्यांस मोठ्या उदारपणें दिलें होतें. माहीत असणें आणि कळणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें समजण्यास मात्र आम्हांस खंबाटकीचा घाट चढावा लागला.

ही गोष्ट २०१६ सालच्या एप्रिलांतली. आत्याबाई तेव्हां ८२ वर्षांच्या होत्या. गुहागर हें आमचें मूळ गांव, म्हणजे त्यांचें माहेर. “एकदां दुर्गादेवीची ओटी भरूं दे रे मला,” असें त्या दोन वर्षें म्हणत होत्या. एस.टी.चे हिसके त्यांच्या कमरेस सोसणारे नव्हते, आणि आम्हांस सवड नव्हती. अखेर एकदांचा दिवस ठरला. पहांटे आम्ही पुण्याहून निघालों. मागच्या आसनावर आत्याबाई, त्यांच्या मांडीवर पिशवी, आणि पिशवींत खण, नारळ व हळदकुंकवाच्या पुड्या. शिरवळ मागें पडलें आणि घाट लागला.

अर्ध्या चढणीवर उष्णता दाखविणारा कांटा तांबड्या रेघेला जाऊन भिडला, आणि बॉनेटखालून वाफ येऊं लागली. गाडी कडेला घेऊन आम्ही रेडिएटरच्या झांकणाला हात घालणार, तोंच मागें थांबलेल्या एका ट्रकवाल्यानें “साहेब, भाजाल!” म्हणून आम्हांस मागें ओढलें. आंतलें पाणी दाबाखालीं कोंडलेलें असतें. झांकण सैल होतांच तें उसळून तोंडावर येतें. चांगला तासभर गाडी निवूं दिल्यावर त्यानें वांकून पाहिलें. रेडिएटरच्या जाळीवर एके ठिकाणीं पांढरा, पिठूळ डाग पडला होता, आणि त्यांतून पाणी झिरपत होतें.

“हळद आहे का?” त्यानें विचारलें.

आम्ही त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिलों. आत्याबाईंनीं मात्र कांहीं न बोलतां पिशवींतली पुडी पुढें केली. देवीची हळद रेडिएटरांत गेली आणि भोकांत जाऊन बसली. गळती अगदीं थांबली नाहीं. पण घाट ओलांडून पलीकडच्या पहिल्या गॅरेजापर्यंत आम्ही कसेबसे पोंचलों.

मेस्त्रीनें आम्हांस एकच प्रश्न केला. “यांत काय घालतां?”

“पाणी.”

“कोणतें?”

“बोअरचें.”

तो हंसला नाहीं, हा त्याचा चांगुलपणा. खरें म्हणजे गाडी घेतली तेव्हां तींत रंगीत कूलंट भरलेलें होतें. तें कमी होईल तसें आम्ही बोअरचें पाणी घालीत गेलों, कारण कूलंटला पैसे पडतात आणि पाणी तें पाणी, असा आमचा सिद्धान्त होता. तीन वर्षें तो सिद्धान्त अबाधित राहिला.

ॲल्युमिनिअम हा मुळांत फार उतावळा धातु. हवा लागतांच त्याचा प्राणवायूशीं संयोग होतो. पण त्यायोगें त्याच्या अंगावर जी साय धरते, तीच पुढें त्याचें रक्षण करते. ही साय केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनही पातळ असते. फार आंबट किंवा फार खारट-तुरट क्षारयुक्त द्रवांत ती विरघळते. शिवाय बोअरच्या पाण्यांत जें मीठ असतें, त्यांतील क्लोराइड तिला जागोजाग छेदतें. एकदां बारीकशी खांच पडली, कीं तिच्या आंतलें पाणी अधिकाधिक आंबट होत जातें, आणि भोंवतालचा पत्रा शाबूत दिसत असतांही खांच आंतल्या आंत खोल जाते. रेडिएटरच्या नळ्यांचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. तो पोखरला जाण्यास असा वेळ तो कितीसा लागणार!

कूलंट म्हणजे जणुं या पत्र्याची कल्हई. त्यांतील रक्षक द्रव्यें पत्र्याची साय सांभाळतात; पण कल्हईप्रमाणेंच तीं झिजतात, आणि ठराविक मुदतीनें नवीं घालावीं लागतात. मुदत उलटली, कीं त्यांतील ग्लायकॉल उष्णतेनें विघटन पावून स्वतःच आंबतें. म्हणून कूलंट मुदतींत बदलावें आणि त्यांत मिसळावयाचें पाणीही ऊर्ध्वपातितच असावें, इतका साधा हा धर्म आहे.

पूर्वीं रेडिएटर तांब्यापितळेचे असत. ते गळले तर रस्त्याकडेचा कारागीरही डाग देऊन ते सांधी. १९७० नंतरच्या दशकांत हलकेपणासाठीं ॲल्युमिनिअमनें त्यांची जागा घेतली. याला तसा डाग धरत नाहीं. १८५५ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत हाच धातु एक दुर्मिळ चीज म्हणून मांडला होता. १८८६ सालीं हॉल आणि एरू यांनीं विजेच्या साहाय्यानें तो स्वस्त करण्याची रीत शोधली, आणि तो आमच्या पातेल्यांत आला. स्वस्त झालेल्या वस्तूची निगा राखावी लागते, हें आपण सहसा विसरतों.

मेस्त्रीनें जाळी काढून दाखविली. हळदीनें कांहीं नळ्या बुजल्या होत्या, बाकीच्या आंतून खाल्लेल्या होत्या. स्टुलावर बसलेल्या आत्याबाई तें सारें निरखीत होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे जर्मनच्या भांड्यांत आंबट घातलंस म्हणायचं.”

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

नवा रेडिएटर यावयास दोन दिवस लागणार होते. उन्हानें आत्याबाईंचा चेहरा उतरला होता. भाड्याच्या गाडीनें आम्ही त्यांना पुण्यास परत आणलें. डॉक्टरांनीं रक्तदाब पाहून उन्हाळाभर प्रवास वर्ज्य सांगितला. “पावसाळा संपला कीं नेतों,” असें आम्हीं त्यांस सांगितलें. पावसाळा संपला, पुन्हा कांहीं कामें निघालीं. त्या मार्गशीर्षांत आत्याबाई गेल्या. शेवटपर्यंत त्यांनीं घाटाचा विषय काढला नाहीं, हें आम्हांस अधिक लागलें.

पुढच्या वर्षीं आम्ही गुहागरास गेलों. कूलंट नवें होतें. खंबाटकीच्या चढणीवर कांटा निम्म्यावरून हललासुद्धां नाहीं. आत्याबाईंच्या नांवानें देवीची ओटी भरली. हळदीची पुडी मागच्या आसनावर ठेवून नेली होती.