बाबांची मोडेमची वही

१/
भारतातील इंटरनेटचा इतिहास सांगताना १५ ऑगस्ट १९९५ ही तारीख हमखास येते. त्या दिवशी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पण त्या तारखेपासून घरातल्या टेबलापर्यंतचे अंतर लोकांनी कसे कापले? आजचा धागा त्याविषयी आहे. माझे साधन एकच : आमच्या पुण्यातील घराच्या माळ्यावर सापडलेली दोनशे पानी वही.

२/
वही बाबांची. पहिली नोंद २००० सालच्या पावसाळ्यातली. मी तेव्हा काही महिन्यांची होते. बाबा शाळेत गणित शिकवत. सुटे भाग जुळवून घेतलेला संगणक, आणि त्यावर एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून बसवलेले रेड हॅट लिनक्स ६.२. वहीतील पहिले वाक्य असे : ‘मोडेम आहे. लिनक्सला दिसत नाही.’

३/
नव्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी घातलेली. संगणकाची भाषा मात्र शून्य आणि एक यांची. मोडेम अंकांचा ध्वनी करतो आणि ध्वनीचे पुन्हा अंक. ती प्रसिद्ध कर्कश शीळ म्हणजे दोन मोडेमांची आपसातील बोलाचाली. १९८१ साली हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमने मोडेमला आज्ञा देण्याची जी रीत आणली, ती पुढे इतरांनीही उचलली. आज्ञेच्या आरंभी ‘एटी’, म्हणजे ‘अटेन्शन’. आपल्या कवायतीतले ‘सावधान’च ते.

४/
मग बाबांचा मोडेम सावधान का होईना? १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकाच्या आत बसणारी स्वस्त मोडेम कार्डे बाजारात आली. त्यांतील महागड्या चिपा वगळून ते काम संगणकाच्या प्रोसेसरवर सोपवलेले असे, आणि ते करवून घेणारा प्रोग्रॅम फक्त विंडोजसाठी मिळे. म्हणून त्यांना ‘विनमोडेम’ हे नाव पडले. बहुतेक उत्पादक कार्डाची आतली रचना जाहीर करत नसत; त्यामुळे लिनक्सवर स्वेच्छेने काम करणाऱ्यांना तसा प्रोग्रॅम लिहिणे अवघड जाई. बाबांनी हे कोणाकडून तरी समजून घेतले असावे, कारण तिसऱ्या पानावर लिहिले आहे : ‘अर्धाच विकत घेतला!’

५/
उपाय एकच होता : संगणकाबाहेर ठेवायचा, सिरियल पोर्टला जोडायचा पुरा मोडेम. तो महाग. हिशेबाच्या पानावर किंमत नाही, दोनच शब्द आहेत : ‘मोडेम – भिशीतून’. भिशी आईची होती.

६/
पुढचा आठवडा एका आकड्यापायी गेला. विंडोज ज्या पोर्टाला ‘कॉम १’ म्हणते, त्याला लिनक्स ‘टीटीवायएस ०’ म्हणते. तिथली मोजणी शून्यापासून. गणिताचे शिक्षक आठ दिवस ‘टीटीवायएस १’चे दार ठोठावत बसले होते. अखेर मिनीकॉम या प्रोग्रॅममध्ये ‘एटी’ टंकल्यावर उत्तर आले : ‘ओके’. वहीत त्याभोवती लाल शाईची चौकट आहे, उत्तरपत्रिकेत करतात तशी.

७/
पुढची अडचण : ‘नो डायलटोन’. रिसीव्हर कानाला लावला तर टोन स्वच्छ ऐकू येतो, मोडेम म्हणतो टोन नाही. कारण डायलटोन सगळ्या देशांत एकसारखा नसतो. अमेरिकेतला ३५० आणि ४४० हर्ट्‌झ या दोन स्वरांचा, आपला वेगळा. परदेशी टोनची अपेक्षा करणाऱ्या मोडेमला आपला टोन ओळखता येईना. त्यावरची आज्ञा वहीत आहे, आणि तिचा बाबांनी केलेला अर्थही : ‘एक्स ३ – टोनची वाट पाहू नये, फिरवावा.’

८/
यानंतरची पाने भराभर उलटतात. परवलीचा शब्द, पीपीपीची जोडणी. जोडणी झाली तरी साइट उघडेनात, म्हणून नेमसर्व्हरचा पत्ता हाताने लिहिणे. आणि मग एका रात्रीची नोंद : ‘जोडले. ८.४० ते १०.५०.’

९/
त्याच्या पुढच्या पानावर, चौकट वगैरे काही न करता : ‘नियम – रात्री लावण्यापूर्वी हिला विचारणे.’
कारण दिलेले नाही. जुन्या दप्तरात एखादा मनाई हुकूम दिसला, की त्याआधी काय घडले असेल हे शोधायला आम्हाला शिकवतात. मी बाबांना विचारले. ते म्हणाले, ‘‘फोनचं बिल वाढत होतं.’’

१०/
आई मेथी निवडत होती. ती म्हणाली, ‘‘त्या रात्री तुझा मामा साताऱ्याहून फोन लावत होता. आजीला दवाखान्यात नेलं होतं. दोन तास आपला फोन एंगेज. शेवटी त्यानं कुठून तरी शेजारच्या काकूंचा नंबर मिळवला. तुला घेऊन मी पहाटेच्या एसटीनं गेले.’’
‘‘आजी होती?’’
‘‘होती. पण बोलत नव्हती.’’

११/
बाबा आतल्या खोलीत होते. त्यांनी ऐकले असावे. रात्री जेवणानंतर वही मागून घेतली, ते पान काढले आणि म्हणाले, ‘‘तिनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. म्हणून लिहून ठेवलं.’’

१२/
वही खोटे सांगत नाही. मोडेम कसा चालू झाला हे तिच्याइतके नेमके मला दुसऱ्या कुठल्या साधनात मिळाले नसते. पण घरात तार एकच होती, आणि ती अडवली की कोणाचे काय अडते, हे तिच्यात नाही. आईची साक्ष मी तिच्याच शब्दांत, तारीख घालून उतरवली आणि त्या पानाला टाचली आहे.

१३/
आपल्या घरी अशा वह्या, त्या काळची फोनची बिले, मासिकांच्या सीडी असतील, तर रद्दीत घालण्याआधी एकदा चाळाव्यात. आणि वहीत जिचे नाव नाही, तिलाही विचारावे. मी आधी बाबांनाच विचारले होते.