जहाज सुटण्यापूर्वी

मी जहाजं तपासतो, हे कळलं की लोक पहिला प्रश्न विचारतात तो वयाचा. किती वर्षांपर्यंत जहाज चांगलं? वयावरून थोडंफार कळतं, नाही असं नाही. पण मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 साली सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे (समुद्रात जात नाही, लोक तिकीट काढून पाहायला येतात, ही गोष्ट वेगळी). आणि 1976 साली बांधलेलं, जवळजवळ तीनशे मीटर लांबीचं ‘डर्बीशायर’ चारच वर्षांत तळाला गेलं.

‘डर्बीशायर’ कॅनडाहून लोखंडाचं खनिज भरून जपानला निघालं होतं. सप्टेंबर 1980 मध्ये ‘ऑर्किड’ नावाच्या तुफानात ते सापडलं आणि 44 माणसांसह नाहीसं झालं. मदतीची एक हाकसुद्धा कुणाला ऐकू आली नाही. 1994 साली चार किलोमीटर खोल पाण्यात त्याचे अवशेष सापडले. फेरचौकशीचा निष्कर्ष 2000 साली आला, तो आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी नीट वाचावा. नाळेवरच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या, हवेच्या नळ्या आणि व्हेंटिलेटर लाटांनी मोडले. त्या भोकांतून पुढच्या कप्प्यांत पाणी साचत गेलं, नाळ हळूहळू खाली बसली, आणि मग लाटा सरळ पहिल्या हॅचच्या, म्हणजे माल भरायच्या तोंडाच्या, झाकणावर कोसळू लागल्या. झाकण खचलं. त्यानंतर काही उरलं नाही.

म्हणून जहाजावर चढलो की मी आधी झाकणं बघतो. इंजिन नंतर. इंजिन बघायला चीफ इंजिनियर असतो, तो त्यावर जीव टाकतो. व्हेंटिलेटरच्या झाकणावर जीव टाकणारा माणूस मला क्वचितच भेटला. फ्लॅप गंजून अर्धवट उघडा अडकलेला, हवेच्या नळीतला तरंगता चेंडू गायब, हॅचच्या रबरी गॅस्केटवर रंगाचा जाड थर. या शेवटच्या गोष्टीचा मला विशेष राग आहे. तपासणी जवळ आली की खलाशांच्या हातात ब्रश देतात आणि जे दिसेल ते रंगवून काढतात. रंगलेलं रबर कडक होतं. कडक रबर दबत नाही, आणि न दबणारं रबर पाणी अडवत नाही. डोळ्यांना मात्र सगळं नवंकोरं.

रबर खरंच टेकतंय का, हे बघायची जुनी पद्धत खडूची. झाकणाचं रबर ज्या लोखंडी पट्टीवर बसतं तिच्यावर खडू फासायचा, झाकण बंद करायचं, पुन्हा उघडायचं आणि रबरावर उमटलेली रेघ पाहायची. जिथं रेघ तुटली, तिथं रबर टेकलेलं नाही. हल्ली हॅचच्या आत ध्वनिलहरी सोडणारं यंत्र ठेवून बाहेरून कानाला हेडफोन लावून फट ऐकता येते. ते जास्त अचूक आहे, मी तेच वापरतो. तरी खडू खिशात असतो, कारण तुटलेली रेघ कप्तानाला बोट ठेवून दाखवता येते. यंत्राच्या आकड्यावर तो तासभर वाद घालतो.

झाकणं ठीक असली म्हणजे जहाज कुठंही जायला मोकळं झालं असं नाही. बाजूच्या पत्र्यावर गोल आणि रेघा असतात, त्या बहुतेकांनी पाहिलेल्या असतात. सॅम्युएल प्लिमसॉल नावाच्या ब्रिटिश खासदारानं जास्त माल भरून खलाशांना मरायला पाठवणाऱ्या मालकांशी भांडून 1876 सालचा कायदा करवून घेतला, त्यातून माल भरून जहाज कुठवर बुडू द्यायचं ते सांगणारी ही खूण आली. रेघ एक नसते, ऋतू आणि पाणी बदललं की बदलते. मुंबईच्या समुद्रात जून ते ऑगस्ट उष्णकटिबंधाची रेघ चालत नाही. खालची, उन्हाळी म्हटली जाणारी रेघ धरावी लागते. ऐन पावसाळ्यात उन्हाळी रेघ, हा नियम करणाऱ्यांचा विनोद. दोन्ही रेघांतलं अंतर उन्हाळी बुडीचा अठ्ठेचाळिसावा भाग. जहाज 9.6 मीटर बुडत असेल तर 20 सेंटिमीटर. मध्यम आकाराच्या जहाजावर तेवढ्यात सातआठशे टन माल बसतो, आणि त्या मालाचं भाडं कुणाला तरी हवं असतं. म्हणजे मे महिन्याच्या शेवटी जे जहाज जायला योग्य, तेच तेवढाच माल घेऊन जूनच्या पहिल्या दिवशी अयोग्य. पत्रा तोच, रबर तेच, कप्तानही तोच.

जहाज धड असूनही माल आणि पावसानं ते अयोग्य ठरतं, हे आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात कडवटपणे दिसलं ते खनिजात. गोव्याच्या खाणींतून बारीक लोहखनिज निघतं. उघड्यावर ढीग, त्यावर कोकणचा पाऊस. असं खनिज भरताना कोरडं वाटतं, मुठीत धरलं तर ओल जाणवतेही, पण पाणी कुठं दिसत नाही. जहाज समुद्रात डोलायला लागलं की कण दाबले जातात आणि मधलं पाणी वर येतं. समुद्रकाठी ओल्या वाळूवर एका जागी पाय थोपटत राहिलं की पायाखाली लिबलिबीत होतं ना, तेच हजारो टनांचं होतं. घट्ट माल पातळ होऊन एका बाजूला वाहतो आणि परतीच्या डोलण्यात पूर्ण मागे येत नाही. 2009 च्या पावसाळ्यात असंच खनिज घेतलेलं ‘एशियन फॉरेस्ट’ मंगळूरजवळ जुलैत बुडालं, ‘ब्लॅक रोझ’ पारादीपजवळ सप्टेंबरात.

याची चाचणी हास्यास्पद वाटावी इतकी साधी आहे. खनिजाच्या नमुन्यानं डबा अर्धा भरायचा, साधारण वीतभर उंचीवरून कठीण जागी पंचवीस वेळा आपटायचा, आणि वर पाणी सुटलं का बघायचं. पाणी सुटलं तर माल घ्यायचा नाही, प्रयोगशाळेकडे पाठवायचं. पाणी सुटलं नाही म्हणून मात्र निश्चिंत होता येत नाही. प्रयोगशाळेचा ओलीचा आकडा लागतोच. आणि तो आकडा नमुना घेतला त्या दिवसाचा असतो. त्यानंतर चार दिवस पाऊस झाला असेल तर तो कागद फायलीत लावण्यापुरताच.

हलणाऱ्या वजनाची भीती मुंबई-कोकणातल्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. 17 जुलै 1947, गटारीचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ लाटेनं कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. ऐन पावसाळ्यात गच्च भरलेली बोट, आणि त्या भरण्यातलं प्रत्येक वजन स्वतःच्या पायांनी हलणारं.

जहाज चालवणाऱ्या माणसांचं मी थोडक्यात सांगतो, कारण कोर्टांनी ते माझ्यापेक्षा स्पष्ट सांगून ठेवलंय. 1957 साली लिव्हरपूलहून सुटलेल्या ‘हाँगकाँग फर’चं जुनं इंजिन सांभाळायला माणसं अपुरी होती आणि नालायकही, तेवढ्यावरून ते जहाज समुद्रात जाण्यास अयोग्य ठरलं. चीनमधल्या शियामेन बंदरातून निघताना 2011 साली रुतलेल्या ‘सीएमए सीजीएम लिब्रा’च्या बाबतीत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं दहा वर्षांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं: मार्गाचा आराखडा सदोष, नकाशावर खोलीबद्दलचा इशारा नोंदलेला नाही, म्हणजे जहाजच अयोग्य. एक पेन्सिलची नोंद. मला हा निकाल फार आवडतो.

कोकणातल्या कितीतरी घरांतली मुलं आज बोटीवर आहेत. आईवडील माझ्याकडे येतात, कंपनी कशी, पगार वेळेवर देते का, विचारतात. विचारावंच. पण मुलगा बंदरातून फोन करेल तेव्हा आणखी दोन गोष्टी विचारा: कोणता माल भरताय, आणि भरताना पाऊस होता का. कप्तानाला धोकादायक माल नाकारायचा अधिकार कायद्यानं दिलेला आहे. पाऊस होता म्हणाला, तर डबा आपटून पाहिला का, हेही विचारा.