काच फुटते एकाची, गप्प बसते अख्खी गल्ली



रहाटणी, काळेवाडी, थेरगाव या पट्ट्यात राहणाऱ्याला ‘वाहनांची तोडफोड’ ही बातमी आता नवी नाही. रात्री चार-पाच पोरं येतात, हातात कोयते, दांडके. ज्याच्याशी भांडण तो सापडत नाही, मग रस्त्यावर उभी रिक्षा, टेम्पो, दुचाकी, दिसेल ते फोडायचं. गाडीवाल्याचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नसतो. हेतू एकच, दहशत.

सकाळी ग्रुपवर फोटो फिरतात. “पोलीस काय करतात?” असं लिहून आपण ड्युटीला निघतो. आरोपी पकडले, धिंड निघाली की त्या व्हिडिओला लाइक ठोकतो. फुटलेल्या काचेचं पुढे काय झालं, हे कोणी विचारत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्या काकांना मी विचारलं. म्हणाले, “काचेचं जाऊ दे रे, चार दिवस धंदा बंद. हप्ता कोण भरणार?” विमा थर्ड पार्टीचा, त्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला दमडी मिळत नाही. तक्रार दिली का? “नको बाबा, पोरं इथलीच आहेत. उद्या परत येतील.”

काकांना दोष देऊन उपयोग नाही. एकट्या माणसाने एवढी हिंमत कुठून आणायची? म्हणूनच सगळ्यांनी मिळून जायला हवं, आणि त्याला कायद्यातही कारण आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 324 आहे. नुकसान 20 हजार ते 1 लाखाच्या आत असेल तर 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, 1 लाख किंवा जास्त असेल तर 5 वर्षांपर्यंत. म्हणजे नुकसानीचा आकडा महत्त्वाचा. दहा गाड्या फुटल्या आणि एकानेच तक्रार दिली, तर बाकी नऊ गाड्यांचं नुकसान कागदावर येणार कसं? गॅरेजवाल्याकडून खर्चाचा अंदाज लिहून घ्या, फोटो काढा, पंचनाम्यात आपली गाडी आली का बघा. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती घ्याच.

गाड्या रस्त्यावर का असतात, हेही बोलायला हवं. एक-दोन गुंठ्यांत तीन-चार मजले चढवले, खाली गाळे काढले, पार्किंगला जागाच नाही. मोठ्या सोसायटीतली गाडी गेट आणि वॉचमनच्या आत सुरक्षित. फुटते ती गल्लीतल्या भाडेकरूची, जो चाकणला किंवा भोसरीला शिफ्टवर जातो. म्हणून ज्या सोसायट्यांकडे कॅमेरे आहेत त्यांनी निदान एक तरी रस्त्याच्या बाजूला लावावा. दिव्याचा खांब बंद असेल तर महापालिकेकडे तक्रार करून तिचा नंबर ग्रुपवर टाका. रात्री आवाज आला की आधी 112 लावा, व्हिडिओ नंतर.

आणि या पोरांचं काय? त्यातली बरीच अल्पवयीन निघतात. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अशा मुलाला समुपदेशनाला पाठवता येतं, समाजसेवा करायला लावता येते, पालकांना दंडही करता येतो. धिंडीने पोरगं सुधारत नाही, उलट त्याची रील होते. ज्या चौकात गाड्या फोडल्या तिथेच त्याला झाडू मारावा लागला, तर ‘भाई’पण आपोआप उतरेल.

भाई बनवतो तरी कोण? वाढदिवसाला भर चौकात फ्लेक्स लागतो, खाली पन्नास ‘शुभेच्छुक’, कापायला तलवार. विनापरवाना फ्लेक्स लावला तर 1995 च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्याखाली 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 हजारांपर्यंत दंड आहे. त्या शुभेच्छुकांत आपल्या घरातलं, ओळखीतलं कोणी असेल, तर आजच सांगा, नाव काढ म्हणावं.

या रविवारी प्रत्येक गल्लीत दहा जण तरी एकत्र बसा. पुढच्या वेळी तक्रार द्यायला कोण कोण सोबत येणार, एवढंच ठरवा. मी येणार. तुम्ही येणार असाल तर गल्लीचं नाव खाली लिहा.