अर्ज भरायचा कुठे?

१८ जानेवारी २०२३, बुधवार
पुण्यातल्या आमच्या कसब्याची विधानसभा पोटनिवडणूक जाहीर झाली. आमदार मुक्ता टिळक गेल्याला अजून महिनाही झालेला नाही. फडके हौदाजवळ गोळ्या घ्यायला गेले, तर औषधाच्या दुकानात उमेदवारांची नावं निघालेली. गेल्या जूनमध्ये मुक्ताताई राज्यसभेच्या आणि विधान परिषदेच्या मतदानाला रुग्णवाहिकेतून मुंबईला गेल्या होत्या. त्या निष्ठेचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. मला मात्र आमचा बोळ आठवला. रुग्णवाहिका त्यात शिरत नाही. वाड्याच्या लाकडी जिन्यात स्ट्रेचर वळत नाही. आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणायचं आणि तसंच रस्त्यापर्यंत न्यायचं.

२५ जानेवारी, बुधवार
मतदान २७ ऐवजी २६ फेब्रुवारीला. बारावीची परीक्षा आहे.
भजनी मंडळाच्या बायका आल्या होत्या. "काकू, तुम्हीच उभ्या राहा. दवाखान्याचं तुमच्याइतकं कोणाला कळतंय?" मी हसले. पण रात्री झोप लागली नाही, हेही खरं. सगळी नोकरी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून झाली. पेशंटचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, बिलातली सवलत यांतच गेली. निवृत्त झाले तरी पिशवीत फाइल घेऊन माणसं घरी येतातच.

३१ जानेवारी, मंगळवार
आजपासून अर्ज सुरू. धाकटा पुतण्या कोरा अर्ज घेऊन आला. अपक्षाला मतदारसंघातलेच दहा सूचक लागतात. अनामत १०,००० रुपये, वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं नाही पडली तर ती जप्त. सोबत मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं शपथपत्र. खर्चाची मर्यादा ४० लाख. पुतण्या म्हणाला, "काकू, मर्यादा आहे ती, तेवढा करायलाच हवा असं नाही." सूचकांची दहा नावं मात्र संध्याकाळच्या आत झाली. अकरावी बाई रुसली.

२ फेब्रुवारी, गुरुवार
मागच्या वाड्यातली सून आली. सासरे न्हाणीत पडले, खुब्याचं हाड मोडलंय. एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने आधी पैसे भरा म्हणून सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "काकू, आता आमदारच नाहीत, मग पत्र कोणाचं आणू?"
तिला बसवून सांगितलं. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली आणि उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी रुग्णालय बिलांच्या रकमेतले २ टक्के वेगळ्या निधीत टाकतं. यात आमदाराच्या पत्राचा कुठे संबंध नाही. दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटायचं. नाही ऐकलं तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण पत्र असतं तर लवकर झालं असतं ना?"
झालं असतं. हेच तर दुखणं आहे. आमच्या पेठेत चांगला आमदार म्हणजे रात्री अकराला फोन उचलून खाट मिळवून देणारा. वाईटाला तेही जमत नाही. हक्काची खाट मागायला फोन का करावा लागतो, हे दोघांनाही कोणी विचारत नाही. आणि ज्याच्याकडे पत्र नाही तो खालच्या क्रमांकावर जातो, त्याचं नाव कुठेच लागत नाही.

५ फेब्रुवारी, रविवार
वहीत दोन रकाने आखले. राज्याकडे काय? ससून, महात्मा फुले जनआरोग्य योजना, धर्मादाय आयुक्त. शिवाय आमदारनिधी, वर्षाला ५ कोटी. महापालिकेकडे काय? कमला नेहरू रुग्णालय, प्रसूतिगृहं, पेठांमधले दवाखाने, शहरी गरीब योजना. मग बायकांच्या मागण्या त्यांत बसवल्या. संध्याकाळी उघडा असणारा दवाखाना, वाड्यांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे आठवड्याला एक नर्स, जिन्यात वळेल असं स्ट्रेचर. तिन्ही दुसऱ्या रकान्यात गेल्या.
आणि महापालिकेत गेल्या मार्चपासून प्रशासक. नगरसेवकच नाहीत. जिथे माझं काम आहे तिथे निवडणूक नाही, निवडणूक आहे तिथे हे काम नाही.

७ फेब्रुवारी, मंगळवार
अर्जाचा शेवटचा दिवस. भरला नाही. पुतण्या चिडला: "मतं खाऊन दबाव तरी आणता आला असता." असेल. पण दहा बायकांना घेऊन दारोदार जायचं आणि जे विधानसभेत होत नाही ते कबूल करायचं, हे मला जमणारं नाही.
एक गंमत पाहावी. उमेदवारांपैकी हेमंत रासने स्थायी समितीचे अध्यक्ष होते, रवींद्र धंगेकर नगरसेवक होते, मुक्ता टिळक महापौर. कसब्यातली आमदारकी महापालिकेच्या जिन्यानेच वर चढते. मग आजाऱ्यांची कामं तिथेच खाली का राहतात?

१६ फेब्रुवारी, गुरुवार
केसरीवाड्यातल्या प्रचार मेळाव्याला खासदार गिरीश बापट येऊन गेले. व्हीलचेअरवर, नाकाला ऑक्सिजनची नळी. समोरची मंडळी हळवी झाली म्हणतात. मीही झाले, माणूस पेठेतला आहे. पण मेळावा घेणाऱ्यांना त्यांना घरी राहा म्हणणं सुचलं नसेल का?

२६ फेब्रुवारी, रविवार
सकाळीच मतदान केलं. मागच्या वाड्यातले सासरे आले नाहीत. खुब्याचं ऑपरेशन झालंय, मोफत खाटेवर. दोन फेऱ्या आणि एक तक्रार लागली. सून मत देऊन आली तर खुशीत होती. कोणाला दिलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

२ मार्च, गुरुवार
धंगेकर १०,९१५ मतांनी निवडून आले. गुलाल, ढोल. मतदान सुमारे ५० टक्केच झालं होतं. दुपारी भजनी मंडळातली एक बाई म्हणाली, "चला, पत्राची सोय झाली."

२४ मार्च, शुक्रवार
महापालिका आयुक्तांनी ९,५१५ कोटींचा अर्थसंकल्प मांडला. प्रशासक तेच, म्हणजे मांडणारे आणि मंजूर करणारे एकच. स्थायी समितीत निदान भांडण तरी व्हायचं आणि ते पेपरात यायचं.
तिन्ही मागण्यांचं निवेदन दोन पानांत लिहून काढलं. सोमवारी महापालिकेत देऊन पोच घेते. सह्यांना सूचकांची तीच दहा नावं चालतील. अकरावीलाही बोलावलंय.