कुलपापुढची रांग

धर्मग्रामाच्या कचेरीत पंचवीस वर्षे बसल्यावर माणूस रांगांचा अभ्यासक होतो. चर्चच्या शेजारी राहणारा सहज आत डोकावतो. लांबच्या आळीतून चालत आलेली म्हातारी बाकावरच राहते. म्हणून संगणक अभियंता असलेल्या माझ्या भाच्याने लिनक्सच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नलमधील, रांगेची हकिकत सांगितली तेव्हा मी कान टवकारले.

एका यंत्रात अनेक प्रोसेसर असतात व त्यांवर कामाचे धागे, म्हणजेच थ्रेड, एकाच वेळी धावत असतात. सामाईक नोंदीत दोघांनी एकदम बदल केला तर ती बिघडते. म्हणून तिला कुलूप. ज्याला ते मिळाले तो आत, इतर दाराशी. ‘स्पिनलॉक’ या प्रकारात थांबलेला झोपतही नाही. ‘उघडले का?’ असे अखंड विचारत राहतो.

पूर्वी या दाराशी रांगच नव्हती. जो झडप घालील त्याचे कुलूप! आणि झडप साधे ती बहुधा कुलपाची नोंद ज्याच्या निकटच्या स्मृतीत ताजी असे त्याला. कित्येकदा नुकतेच कुलूप सोडणाऱ्यालाच. आठ गाभ्यांच्या एका यंत्रावरील चाचणीत काही धागे डावलले जाण्याचे वा त्यांना झुकते माप मिळण्याचे प्रकार दहा लाख वेळांपर्यंत आढळले. दुष्टावा कोणाचाच नाही, केवळ जवळीक. २००८ साली निक पिगिन यांच्या प्रयत्नाने टोकन आले: दवाखान्यातल्याप्रमाणे क्रमांक घ्यावा आणि पाळीची वाट पाहावी.

तरी सगळ्यांचे डोळे एकाच फलकावर. आकडा बदलला की प्रत्येक प्रोसेसरला ती नोंद नव्याने मागवावी लागे. गर्दीत यंत्राची शक्ती त्या बघाबघीतच खर्ची पडे. यावरचा उपाय मेलर-क्रमी आणि स्कॉट यांनी १९९१ मध्येच प्रसिद्ध केला होता. त्यावर बेतलेली कुलपे लिनक्समध्ये २०१५ साली आली. ढोबळ मानाने सांगायचे तर येथे प्रत्येक जण आपापल्या जागेकडेच पाहतो आणि पुढचा माणूस सरकताना मागच्याच्या खांद्याला हात लावतो.

एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवतात, तेथे मात्र काटेकोर रांग नडते. पाळी आलेल्याचा प्रोसेसरच यजमान यंत्राने काही काळ काढून घेतला असेल, तर मागचे सारे खोळंबतात. म्हणून तेथे क्रम मोडून पुढे जाण्याची मुभा आहे. भाच्याला ही तडजोड खटकते, मला नाही. मी एवढेच विचारले, की मग रांगेच्या तोंडाशी उभा असलेल्याने काय करायचे? तो म्हणाला, “मामा, तो एक खूण वर करतो. ती वर असेतोवर कोणालाही मध्ये घुसता येत नाही.”