दोन कार्डं

निगडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये दादाने दोन जीटीएक्स १०७० जोडली होती, दोन्ही फॅक्टरी-ओव्हरक्लॉक्ड. एसएलआयमध्ये एक फ्रेम हे कार्ड काढतं, पुढची ते. मेमरीची मात्र बेरीज होत नाही: आठ आणि आठ जीबी मिळून आठच. खालच्याची गरम हवा वरचं ओढतं, म्हणून वरचं कायम जास्त तापलेलं. ‘मोठ्या भावाचं असंच असतं,’ चाकणहून नाइट करून आलेला दादा म्हणायचा.

२०२१पासून एनव्हिडियाने एसएलआयसाठी नवीन गेम प्रोफाइल देणं थांबवलं. त्याच वर्षी दादा नोकरीसाठी चेन्नईला गेला, एक कार्ड घेऊन. उरलेल्या एकावर माझे गेम नीट चालतात, फ्रेम अडखळत नाहीत. खोलीही थंड असते. रविवारी आम्ही ऑनलाइन खेळतो.